दुबळ्यांची भाकर

परवा वसईच्या एका चर्चमध्ये माझ्या नातीच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा होता. पांढऱ्या झग्यातली आठ वर्षांची ती पोर वेदीपाशी गेली आणि भाकरीची पातळ चकती मुखात घेऊन गंभीर चेहऱ्याने परतली. मी मात्र बाकावरच बसून राहिलो. वाडीच्या बांधावरून धाकट्या भावाशी अबोला धरला, तेव्हापासून मी असाच मागे बसतो. एवढ्याशा मुलीला वेदीची वाट ज्यांनी मोकळी करून दिली, त्या पोप दहाव्या पायस यांची त्या दिवशी फार आठवण झाली.

त्यांचे मूळ नाव ज्युझेप्पे सार्तो. जन्म १८३५ चा, उत्तर इटलीतल्या रिएसे या खेड्यातला. वडील गावचे टपाल पोचवीत, आई शिवणकाम करी. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. शाळा काही मैलांवर. बूट झिजू नयेत म्हणून ते हातात घेऊन हा मुलगा अनवाणी चाले, असे सांगतात. १८५२ मध्ये वडील वारले, तरी आईने थोरल्याचे शिक्षण तुटू दिले नाही. १८५८ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे खेड्यांत सेवा, मग बिशपपद आणि १९०३ मध्ये पोपपद.

कॅथलिकांच्या लेखी कम्युनियन ही नुसती आठवणीची खूण नाही. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, रूप आणि चव तेवढी तीच राहते, ही श्रद्धा आहे. इतक्या पवित्र गोष्टीच्या धाकाने सामान्य माणूस शतकानुशतके लांबच राहिला. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेला वर्षातून एकदा तरी कम्युनियन घ्याच, असा दंडक घालावा लागला. मुलांना तर पुष्कळ ठिकाणी दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे.

पायस यांनी हा धाक मोडला. कम्युनियन हे पुण्यवानांचे बक्षीस नसून दुबळ्यांचे औषध आहे, ही त्यांची भूमिका. १९०५ च्या आदेशाने रोजचे कम्युनियन सर्वांना खुले झाले. अटी दोनच : मनावर गंभीर पाप नको आणि हेतू शुद्ध हवा. १९१० मध्ये मुलांचे वय सातच्या आसपास आणले. ही भाकर रोजच्या भाकरीहून वेगळी आहे, एवढे मुलाला उमजले की पुरे.

हाच माणूस १९०७ मध्ये नव्या विचारांच्या धर्मपंडितांशी मात्र फार कठोर वागला, हेही विसरता येत नाही. महायुद्ध पेटल्यावर काही आठवड्यांतच, २० ऑगस्ट १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. १९५४ मध्ये ते संत ठरले.

मिस्सेत कम्युनियनच्या आधी शेजारच्याला शांतीची खूण करायची असते. ख्रिस्ताशी एक व्हायचे, तर माणसांना टाळून कसे चालेल? इतकी वर्षे मी स्वतःला नालायक म्हणवून मागे बसलो; खरे तर तो माझा ताठा होता. भावाचे घर बांधापलीकडेच आहे. पुढच्या रविवारच्या आत तेवढे चालून जायचे आहे.