गणिती दामोदर कोसंबी

विद्यार्थी मित्रांनो, अल्-ख्वारिज्मी आणि रामानुजन ही नावे तुम्ही ऐकली असतील. आज आपण गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या एका गणितज्ञाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित होते. १९१८ साली ते दामोदर यांना आपल्याबरोबर अमेरिकेला घेऊन गेले. १९२९ साली दामोदर हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि मायदेशी परतले. बनारसला काही काळ शिकवल्यावर १९३१ साली ते अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात आले. तेथील फ्रेंच प्राध्यापक आंद्रे वेइल यांनी त्यांना बोलावले होते. पुढे १९३३ ते १९४५ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांचे एक मोठे काम समजून घ्यायचे असेल, तर केजच्या आपल्या शाळेच्या मैदानात एक प्रयोग करा. एक लांब दोरी घ्या. तिची दोन टोके दोघांनी घट्ट धरा. एकाने हात थोडासा वर-खाली हलवावा. दोरीला मधोमध एक फुगवटा येईल. हात दुप्पट वेगाने हलवला, की दोन फुगवटे येतील. तिप्पट वेगाने तीन. पण दीड फुगवटा कधीच टिकणार नाही, कारण दोन्ही टोके बांधल्यासारखी आहेत.

दोरी कशी हलते, हे गणितात एका समीकरणाने सांगतात. त्यात वेग कसा बदलतो याचाही विचार असतो, म्हणून त्याला दुसऱ्या कोटीचे अवकल समीकरण म्हणतात. टोके स्थिर आहेत ही झाली सीमेची अट. ही अट पाळणारे ठरावीक आकारच शक्य असतात. प्रत्येक आकाराची एक ठरावीक संख्या असते. तिला आयगेन मूल्य म्हणतात. स्टुर्म आणि लिऊव्हिल या गणितज्ञांनी १८३६-३७ साली पॅरिसमध्ये अशा प्रश्नांचा पाया घातला.

दोरीचे आकार नियमित असतात. पण दिवसभराच्या तापमानाचा आलेख काढा. तो रोज वेगळा आणि वेडावाकडा येतो. मग अशा आलेखांत काही नियम असेल का? १९४३ साली कोसंबी यांनी दाखवले, की असे अनियमित आलेखसुद्धा ठरावीक आकारांच्या बेरजेने मांडता येतात. कोणत्या आकाराचा वाटा किती, हे त्याचे आयगेन मूल्य सांगते. बहुधा मोजक्या आकारांवरच काम भागते. पाण्यातील बारीक कणांची सैरावैरा हालचाल घेतली, तर थेट दोरीसारखेच समीकरण मिळते. फक्त एक टोक बांधलेले आणि दुसरे मोकळे असते. आज हवामानाच्या अभ्यासात आणि चेहरे ओळखण्याच्या तंत्रात ही पद्धत वापरतात.

कोसंबी यांचा लेख भारतातील नियतकालिकात छापला गेला. जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच शोध लावला. सिद्धांताला त्या दोघांचीच नावे मिळाली. कोसंबी यांचे नाव त्याला फार उशिरा जोडले जाऊ लागले.

पण नावासाठी ते थांबून राहिले नाहीत. जुनी नाणी हातोहात फिरताना झिजतात. त्यांनी हजारो नाणी तोलली आणि झिजेवरून ती किती काळ चलनात होती याचा हिशेब मांडला. या वाटेने ते इतिहासाकडे वळले. १९५६ साली भारतीय इतिहासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९५९ साली एका अतिशय अवघड प्रश्नाचे उत्तर सापडल्याचे त्यांनी जाहीर केले, पण ते चुकीचे ठरले. त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ साली ती नोकरीही सुटली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, एका चुकीने खरे काम पुसले जात नाही आणि नाव मिळाले नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही. दोरीचा खेळ खेळताना कोसंबी यांची आठवण जरूर ठेवा.