बर्फाची जाडी मोजणारे फ्रित्यॉफ नान्सेन

उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे. त्या समुद्रावर बर्फाचा थर तरंगत असतो. हा थर किती जाड आहे आणि वारा त्याला कोठे वाहून नेतो, हे कळल्याशिवाय पुढे किती बर्फ टिकेल याचा अंदाज बांधता येत नाही. आज उपग्रह बर्फाचा पाण्यावर दिसणारा भाग मोजतात व त्यावरून पूर्ण जाडी काढतात. पण शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी एक माणूस हे जाणून घेण्यासाठी प्रत्यक्ष त्या बर्फात राहायला गेला. त्यांचे नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत, क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) शहराजवळ झाला. लहानपणापासून त्यांना बर्फावरून स्की घालून भटकण्याचा छंद होता. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले व मज्जातंतूंवर संशोधन केले. १८८८ मध्ये पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचा बर्फाळ प्रदेश स्कीवरून पार केला.

‘जेनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्याचे काही अवशेष थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. म्हणजे बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहत गेला असला पाहिजे, असे अनुमान निघाले. मग एखादे जहाज मुद्दाम बर्फात गोठवले, तर तेही असेच ध्रुवाजवळून वाहत जाईल, असे नान्सेन यांनी मांडले. अनेक अनुभवी दर्यावर्दींना हा आत्मघात वाटला. तरीही कॉलिन आर्चर यांनी त्यांच्यासाठी ‘फ्राम’ हे जहाज बांधले. त्याचा तळ गोलसर ठेवला होता. बर्फाने दाबले की जहाज फुटण्याऐवजी वर उचलले जावे, हा त्यातला हेतू.

जून १८९३ मध्ये पाच वर्षांचे अन्न घेऊन ‘फ्राम’ निघाले आणि सप्टेंबरमध्ये बर्फात अडकले. त्यावर तेरा माणसे होती. अंदाज चुकला असता तर त्यांना सोडवायला कोणी येऊ शकले नसते. जानेवारी १८९५ मध्ये बर्फाचे ढीग जहाजाच्या कडेवर चढले, तेव्हा जहाज सोडून जाण्याची तयारीही झाली होती. पण ‘फ्राम’ टिकले.

या काळात नोंदी चालूच होत्या. बर्फाला भोक पाडायचे, जाडी मोजायची, वहीत लिहायची. शरद ऋतूत गोठलेला बर्फ एप्रिल १८९४ मध्ये २.३१ मीटर जाड झाला होता. पुढे उन्हाळा आला, वरचा बर्फ वितळू लागला. तरी जुलैत जाडी भरली २.७६ मीटर! नान्सेन यांनी ठिकठिकाणी भोके पाडून पाहिले. वितळलेले गोडे पाणी बर्फाखाली उतरून खाऱ्या पाण्यावर तरंगत होते आणि खालच्या अतिथंड खाऱ्या पाण्यामुळे पुन्हा गोठत होते. ऑगस्टच्या अखेरीस मात्र जाडी दोन मीटरच्या आत आली. बर्फ जसा जाड होतो, तसा तो गोधडीसारखा खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो आणि पुढची वाढ मंदावते, हेही नोंदींतून दिसले. फार जाड ढिगारे होतात ते मुख्यतः बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढल्यामुळे.

काही अंदाज चुकलेही. ध्रुवीय समुद्र उथळ असेल असे त्यांना वाटले होते. तो तीन हजार मीटरहून खोल निघाला. दोर पुरेना, तेव्हा जहाजाची पोलादी तार उकलून नवा दोर केला. शिवाय बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे २० ते ४० अंश वळून वाहत होता. हा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम असावा, असे नान्सेन यांनी ओळखले. पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते गणिताने सिद्ध केले. बर्फ कोठे जाईल हे सांगताना आजही हे वळण धरावेच लागते.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही असे दिसताच मार्च १८९५ मध्ये नान्सेन व योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेस कोणी गेले नव्हते. परतताना त्यांनी दगडांच्या झोपडीत हिवाळा काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये दोघे नॉर्वेला पोचले आणि त्याच महिन्यात ‘फ्राम’ही सर्वांसह सुखरूप परत आले.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन यांनी लाखो युद्धकैद्यांना घरी पोचवले आणि देश गमावलेल्या निर्वासितांना ‘नान्सेन पासपोर्ट’ मिळवून दिला. १९२२ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

२०१९ मध्ये ‘पोलारश्टर्न’ हे जर्मन जहाज त्यांच्याच पद्धतीने बर्फात गोठवण्यात आले. उपग्रह असूनही बर्फावर उभे राहून जाडी मोजावी लागतेच. मित्रांनो, नान्सेन यांनी आपल्या अंदाजावर प्राण पणाला लावले. पण मोजमाप वेगळे निघाले, तेव्हा त्यांनी अंदाज बदलला, आकडे नाही. प्रयोगवहीत आकडे लिहिताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.