विश्लेषण : सुटावर पाणबुड्याचे घड्याळ आले कुठून? ‘बाँड’चे जनक इयान फ्लेमिंग यांची गोष्ट

लग्नाच्या रिसेप्शनला झकास सूट आणि मनगटावर जाडजूड ‘डायव्ह वॉच’ ही जोडी आता कुणाला खटकत नाही. जुन्या संकेतानुसार मात्र ती चूकच. औपचारिक पोशाखावर घड्याळ घातलेच तर ते चपटे, शर्टाच्या कफखाली अलगद सरकणारे असावे, असा शिरस्ता होता. पाणबुड्याचे घड्याळ हे अवजार. काम संपले की ते उतरवायचे. हा संकेत मोडण्याचे श्रेय बहुतेकदा जेम्स बाँडला दिले जाते. पण त्याचे मूळ बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांच्या आयुष्यात सापडते.

फ्लेमिंग कोण होते?

जन्म २८ मे १९०८, लंडनच्या श्रीमंत घराण्यात. आजोबा बँकर, वडील व्हॅलेंटाइन खासदार. वडील पहिल्या महायुद्धात मे १९१७ मध्ये मारले गेले, तेव्हा इयान यांच्या नवव्या वाढदिवसाला आठ दिवस बाकी होते. ईटनचे शिक्षण, सँडहर्स्टची लष्करी अकादमी अर्धवट, मग ‘रॉयटर्स’मध्ये बातमीदारी, मग शेअर दलाली. कशातच जीव रमला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ते चित्र बदलले. १९३९ मध्ये नौदल गुप्तहेर विभागाचे प्रमुख जॉन गॉडफ्रे यांचे सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पुढे कमांडर हा हुद्दा मिळाला. बाँडचाही हुद्दा तोच! शत्रूची कागदपत्रे हस्तगत करणाऱ्या ‘३० असॉल्ट युनिट’च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मात्र जोखीम इतरांनी पत्करायची आणि फ्लेमिंग यांनी बहुतांशी टेबलावर बसून आखणी करायची, असे ते काम होते. ती रुखरुख पुढे बाँडच्या रूपाने कागदावर उतरली, असे म्हणायला जागा आहे.

मग पाणी आणि घड्याळ कुठून आले?

युद्धानंतर त्यांनी जमैकात ‘गोल्डनआय’ हे घर बांधले. दर हिवाळ्यात तिथे जायचे, सकाळी लिहायचे, मुखवटा लावून प्रवाळांमध्ये पोहायचे. पहिली बाँडकथा ‘कॅसिनो रोयाल’ १९५२ मध्ये तिथेच लिहिली. दुसऱ्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये (१९५४) बाँड रात्री पाण्याखालून खलनायकाच्या बेटाकडे पोहत जातो. याच कादंबरीत त्याच्याकडे रोलेक्स दिसते. मॉडेल कोणते, हे सांगितलेले नाही. १९५३ मध्ये फ्लेमिंग ‘संडे टाइम्स’साठी मार्सेयजवळ गेले. तिथे झाक कुस्तो समुद्रतळावरील प्राचीन जहाजाचे अवशेष शोधत होते. पाणबुड्यांचे जग त्यांनी असे जवळून पाहिले.

कादंबऱ्यांतला बाँड गडद निळा सूट आणि विणलेला काळा रेशमी टाय वापरतो. मनगटावरचे घड्याळ मात्र दणकट. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये (१९६३) तो जड रोलेक्स बोटांच्या सांध्यांवर चढवून ठोसा मारतो. नाजूक घड्याळाला हे जमणारे नव्हते. गंमत म्हणजे फ्लेमिंग स्वतः अखेरच्या वर्षांत वापरत ते ‘रोलेक्स एक्स्प्लोरर’ पाणबुड्यांचे नव्हते, डोंगरमोहिमांच्या परंपरेतले होते.

ती जोडी जगाने कधी पाहिली?

१९६२ च्या ‘डॉ. नो’पासून शॉन कॉनरी यांच्या मनगटावर ‘रोलेक्स सबमरीनर’ आले : ३८ मिलिमीटर व्यासाचे, २०० मीटर खोलीपर्यंत टिकणारे. पण लोकांच्या डोक्यात बसला तो ‘गोल्डफिंगर’चा आरंभ. बाँड पाण्यातून वर येतो, स्फोटके पेरतो, डायव्हिंग सूट उतरवतो. आत पांढरे डिनर जॅकेट! त्यावर लाल फूल खोवून तो मद्यालयात शिरतो, सिगारेट पेटवतो, घड्याळ पाहतो आणि बाहेर स्फोट होतो. संकेताप्रमाणे चुकीचे घड्याळ. पण या माणसाला कपडे बदलायला वेळ मिळाला, घड्याळ बदलायला नाही, हे प्रेक्षकाला न सांगता कळते.

चित्रपट सप्टेंबर १९६४ मध्ये प्रदर्शित झाला. फ्लेमिंग १२ ऑगस्टलाच हृदयविकाराने गेले, वय ५६. त्या दिवशी मुलगा कॅस्परचा बारावा वाढदिवस होता.

त्या दृश्यातला पट्ट्यापट्ट्यांचा नायलॉन पट्टा नीट पाहिला तर घड्याळाला अरुंद पडतो. दोन्ही बाजूंना फट दिसते. आज तसाच पट्टा बाँडच्या नावाने विकला जातो, फक्त रुंदी दुरुस्त करून.