विश्लेषण : प्लूटोआधीच प्लूटोचे गणित? कोण होते व्यंकटेश केतकर?

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात असो वा मुंबईत, चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहूनच संकष्टी सोडली जाते. पंचांगातले आकडे आकाशाशी जुळावेत म्हणून आयुष्य वेचलेले गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव मात्र वेगळ्याच कारणाने चर्चेत येते. प्लूटोचे भाकीत त्यांनी १९ वर्षे आधी केले होते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य किती?

कोण होते केतकर?
जन्म १८५४ मध्ये, आज कर्नाटकात असलेल्या नरगुंदचा. पेशाने ते शिक्षक होते. बागलकोट, विजापूर या भागात त्यांचे आयुष्य गेले. जुन्या ग्रंथांवरून मांडलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. केतकरांनी आधुनिक खगोलगणिताचा आधार घेऊन ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’ असे संस्कृत ग्रंथ रचले.

भाकीत काय होते?
गुरूचा गॅनिमिड हा चंद्र एक फेरी पूर्ण करतो, तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. असेच प्रमाण युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडच्या ग्रहांत असावे, असे केतकरांनी मानले. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी ‘ब्रह्मा’ आणि ‘विष्णू’ हे दोन ग्रह सुचवले. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे आकडे आहेत सुमारे ३९.५ पट आणि २४८ वर्षे.

आकडे जुळले म्हणजे सिद्ध झाले?
नाही. लघुग्रहांच्या पट्ट्याचा इतिहास हेच सांगतो. ग्रहांच्या अंतरांच्या एका आकडेमालिकेनुसार मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये, पृथ्वीच्या २.८ पट अंतरावर एक जागा रिकामी दिसत होती. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीच्या पियाझी यांना तिथेच, २.७७ पट अंतरावर, सेरेस सापडला. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल; सूर्याभोवती एक फेरी ४.६ वर्षांत. पण पुढे नेपच्यून त्या मालिकेत बसला नाही आणि मालिकेवरचा विश्वास उडाला.

केतकरांचे चुकले कुठे?
गृहीतकात. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात. युरेनस या प्रमाणात येतच नाही. शिवाय ग्रह आकाशात नेमका कुठे शोधायचा, हे केतकरांनी दिले नव्हते. अमेरिकेच्या क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला तो छायाचित्रांची तुलना करताना. ‘विष्णू’ तर कधीच सापडला नाही.

मग मोठेपण कशात?
प्लूटो सापडला त्याच वर्षी, १९३० मध्ये, केतकरांचे निधन झाले. २००६ मध्ये प्लूटो आणि सेरेस दोघेही बटुग्रह ठरले. केतकरांचे पंचांगाचे काम मात्र टिकले. राशिचक्राची सुरुवात चित्रा ताऱ्यावरून ठरवावी, हा त्यांचा आग्रह होता. १९५० च्या दशकात केंद्राच्या पंचांग सुधारणा समितीनेही चित्रेचाच आधार घेतला. प्लूटोचा शोध त्यांच्या नावावर लावण्याची गरज नाही. पंचांग आकाशाशी ताडून पाहण्याची सवय त्यांनी लावली, ती पुरेशी मोठी आहे.