बद्रुद्दीन तय्यबजी : पुढच्या पिढीसाठी शाळा आखणारे बॅरिस्टर

पुण्याहून रेल्वेने मुंबईला गेलं आणि सीएसएमटीच्या बाहेर आलं, की समोरच अंजुमन-ए-इस्लामची जुनी देखणी इमारत दिसते. ही इमारत १८९३ मध्ये उभी राहिली. पण त्यामागची तयारी वीस वर्षं आधीच सुरू झाली होती. ती करणाऱ्यांत पुढे होते बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईतला. वडील तय्यब अली हे सुलेमानी बोहरा व्यापारी. इंग्रजी शिकलं की मुलगा दीनापासून दूर जाईल, अशी धास्ती त्या काळी अनेक घरांत होती. तय्यब अलींनी ती बाळगली नाही. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये थेट इंग्लंडला. डोळ्यांच्या आजारामुळे मध्येच परत यावं लागलं, तरी पुन्हा जाऊन त्यांनी शिक्षण पुरं केलं. १८६७ मध्ये ते मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले.

वकिली जोरात चालू होती. पण सरकारी नोकरी, कोर्ट, व्यापार, सगळं इंग्रजीकडे वळत चाललंय आणि आपली मुलं मागे राहतायत, हे त्यांना दिसत होतं. १८७४ मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर साथीदारांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. पहिली शाळा सुरू झाली १८८० मध्ये. म्हणजे संस्था आधी, शाळा नंतर आणि मोठी इमारत सगळ्यात शेवटी. मधल्या वर्षांत समाजाकडून वर्गणी जमवली, सरकारकडे अनुदान आणि जागा मागितली. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे बद्रुद्दीन यांनी साक्षही दिली.

शाळेत उर्दू, फारसी आणि दीनी तालीम राहिली, जोडीला इंग्रजी आणि गणित आलं. एकासाठी दुसरं सोडायला लावलं नाही, म्हणून पालकांचा भरोसा बसला.

मुलींच्या बाबतीत तर त्यांनी सुरुवात घरापासूनच केली. आपल्या मुलींना शिकवलं, पुढे दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते.

बाकीचं कामही मोठं. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. एवढं सगळं सांभाळूनही अंजुमनची जबाबदारी त्यांनी सोडली नाही. आधी सचिव आणि नंतर अध्यक्ष म्हणून ते शेवटपर्यंत तिच्याशी जोडलेले राहिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर ३० वर्षांनी, १९३६ मध्ये, अंजुमनच्या छत्राखाली भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिथे पुढे पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेज झालं. कॉम्प्युटर बद्रुद्दीन यांच्या स्वप्नातही नव्हता. पण जे नवं येईल ते सामावून घेणारी संस्था ते मागे ठेवून गेले होते.

आमच्या नसरापूर-भोर भागातल्या शाळांमध्ये आज टॅब, डिजिटल बोर्ड आणि एआयची चर्चा आहे. खरेदी एका दिवसात होते. पण तो बोर्ड शिकवणाऱ्याला चालवता येईल का, बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतील, मुलाला समजेल त्या भाषेत त्यावर धडे आहेत का आणि मुलींच्या हातात तो टॅब पडेल का, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी पुढच्या बैठकीत यंत्राच्या किमतीआधी हे चार प्रश्न घ्यावेत. बद्रुद्दीन यांनी पहिल्या शाळेआधी सहा वर्षं संस्था उभारण्यात घालवली. आपण निदान सहा महिने तरी द्यायला हवेत.