वाऱ्याची दिशा ओळखणारा अभियंता : फझलूर रहमान खान

हजला निघालेले नाशिक जिल्ह्यातील यात्रेकरू जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर उतरतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या तंबूंचे प्रचंड छत असते. चांदवड, मालेगाव, येवल्याचे कितीतरी हाजी त्या सावलीत विसावले असतील. ते छत ज्याच्या गणितावर उभे आहे, त्या अभियंत्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. फझलूर रहमान खान हे ते नाव. जगातील गगनचुंबी इमारतींना वाऱ्यासमोर उभे राहायला शिकवणारे खान ते हेच.

३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात त्यांचा जन्म झाला. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. त्यामुळे आकडेमोड घरातच होती. फझलूर कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. १९५० च्या दंगलींमुळे त्यांना ढाक्याला परतावे लागले आणि पदवी तेथील अहसानुल्ला कॉलेजातून घ्यावी लागली. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत रुजू झाले. मध्यंतरी पाकिस्तानात परतून कराचीच्या विकास प्राधिकरणात काम केले. पण १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला आले आणि तेथेच त्यांचे खरे काम सुरू झाले.

उंच इमारतीची मोठी अडचण तिचे वजन नसते. अडचण असते वारा. वजन सरळ खाली जाते, खांब ते पेलतात. वारा मात्र आडवा ढकलतो. इमारतीची उंची दुप्पट केली, तर तिला पायथ्यातून उलटवू पाहणारा जोर चौपट होतो. शिवाय जमिनीपेक्षा वर वारा अधिक वेगाने वाहतो, म्हणून प्रत्यक्षात तो जोर त्याहूनही वाढतो. वळवाच्या वाऱ्यात कांदाचाळीचे पत्रे कसे उडतात, हे चांदवडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. १०० मजल्यांवर तो वारा काय करील, याची कल्पना त्यावरून यावी.

त्या काळी या जोरावर एकच उपाय होता : इमारतीच्या आत खांब-तुळयांचे जाळे दाट करायचे आणि पोलाद वाढवत जायचे. एका उंचीनंतर हा खर्च परवडेनासा होई. खान यांनी प्रश्न उलटा केला. पोलाद किती, यापेक्षा ते कुठे ठेवायचे, हे त्यांनी पाहिले. बांबू आतून पोकळ असतो. त्याचे सारे बळ कडेला असते, म्हणून तो वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही. खान यांनी खांब इमारतीच्या बाहेरच्या कडेवर जवळजवळ उभे केले आणि तुळयांनी घट्ट बांधले. संपूर्ण इमारतच एक पोकळ नळी झाली. शिकागोतील ४३ मजली डेविट-चेस्टनट ही या पद्धतीची पहिली इमारत.

पुढची पायरी म्हणजे १९६९ मध्ये पूर्ण झालेली, ३४४ मीटर उंचीची जॉन हॅनकॉक सेंटर. घरातली लोखंडी मांडणी डुगडुगू लागली, की आपण मागे फुलीसारख्या दोन तिरप्या पट्ट्या मारतो. खान यांनी १०० मजली इमारतीच्या चारही बाजूंना अशाच महाकाय फुल्या मारल्या. न्यूयॉर्कच्या ६० मजली वन चेस मॅनहॅटन प्लाझाला चौरस मीटरमागे सुमारे २७५ किलो पोलाद लागले होते. हॅनकॉकला सुमारे १४५ किलो पुरले. इमारत उभी राहिली तरी वरच्या मजल्यावरच्या माणसाला तिचे डोलणे सोसेल का, हा प्रश्न होताच. त्यासाठी त्यांनी शिकागोच्या एका संग्रहालयातील हलत्या मंचावर माणसांना नेऊन, डोलणे नेमके कधी जाणवते, याची चाचणी घेतली.

त्यानंतर आला ११० मजल्यांचा, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर. यात नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधली आहे. एकटी काडी मोडते, मोळी मोडत नाही, हेच तत्त्व. ५०, ६६ आणि ९० व्या मजल्यांवर काही नळ्या थांबतात आणि शेवटी दोनच माथ्यापर्यंत जातात. याचा आणखी एक लाभ आहे. इमारतीला वळसा घालताना वाऱ्याचे भोवरे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सुटतात. झोपाळ्याला तालात धक्के दिले की तो उंच जातो, तसे हे भोवरे इमारतीला झुलवू शकतात. आकार वर बदलत गेला, की भोवऱ्यांचा ताल जमत नाही. जवळपास २५ वर्षे ही जगातील सर्वांत उंच इमारत होती.

१९७१ मध्ये बांगलादेशचा मुक्तिसंग्राम पेटला, तेव्हा खान यांनी शिकागोत संघटना उभारून मदत गोळा केली. आपल्या माणसांचे दुःख त्यांनी दूर राहूनही आपले मानले.

जेद्दाचे हज टर्मिनल हे त्यांच्या अखेरच्या काळातील मोठ्या कामांपैकी एक. पोलादी खांबांवर ताणलेले २१० तंबू. कापड काचतंतूंचे, वर टेफ्लॉनचा लेप. प्रत्येक तंबूच्या शेंड्याला मोकळी जागा आहे. गरम हवा तेथून निघून जाते आणि मोकळ्या बाजूंनी वारा आत खेळतो. शिकागोत ज्या वाऱ्याशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्यालाच येथे त्यांनी थकल्या यात्रेकरूंच्या सेवेला लावले. टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. २७ मार्च १९८२ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, जेद्दातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दफन शिकागोत झाले. पुढच्याच वर्षी या टर्मिनलला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तो पाहायला ते नव्हते.

आज जगभर उंच इमारती बांधताना खान यांच्या नळीच्या कल्पनेचा आधार घेतला जातो. आपल्या भागातून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलामुलींनी हे चरित्र जरूर वाचावे. साधन अधिक ओतल्याने बळ येतेच असे नाही. ते योग्य जागी ठेवले आणि एकमेकांशी बांधले, तर थोडक्यातही पुरते. शिक्षकाच्या घरातून निघालेल्या एका मुलाने हे १०० मजल्यांवर सिद्ध करून दाखवले.