लक्ष्मीबाईंची चूल

मराठीच्या तासाला लक्ष्मीबाई टिळक भेटल्या होत्या, आठवतं? त्यांचं पुढचं आयुष्य मी अमरावती सोडल्यावर वाचलं.

जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळं इतकं, की वडील बाजारातून आणलेल्या वस्तूही धुवून घ्यायचे. १८९५मध्ये पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले. चार-पाच वर्षं ताटातूट झाली. परतल्यावरही त्यांनी स्वतःची चूल वेगळीच मांडली. विटाळ मनातून हळूहळू गेला. १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला.

टिळक अनाथ मुलं घरी आणायचे आणि हातात पैसा टिकू द्यायचे नाहीत. भाकऱ्या कोण थापणार? लक्ष्मीबाईच! मला टिळकांपेक्षा त्यांचीच थोरवी वाटते. तारा ही मानलेली मुलगी पोटच्या दत्तूसोबत वाढली. १९१९मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळा न पाहिलेल्या बाई त्या!